आधी मावंदं, मग तुंगनाथ

निमोणे

आमच्याकडं देवाला जायचं ठरलं की पहिली बोलणी आचाऱ्याशी होतात. गाडी, कपडे, औषधं हे सगळं मागाहून. लांबच्या तीर्थाहून माणूस परत आलं की त्यानं गावाला जेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. मावंदं झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं आमच्या निमोण्यात कुणी मानत नाही. देवानं मानली तरी गाव मानत नाही. आणि मे महिन्यात शिरूर तालुक्यात आचारी मिळणं हे हिमालय चढण्याहून अवघड काम आहे, कारण लग्नसराईत एकेक आचारी सकाळचं एक लग्न आणि संध्याकाळचं एक अशी दोन-दोन उरकत असतो. आमच्या ह्यांनी विचारलं तेव्हा आचाऱ्याकडं सबंध महिन्यात एकच दिवस मोकळा निघाला. तो धरला. मग त्या दिवसापासून मागं मोजत मोजत निघायचा दिवस काढला. कुठं जायचं ते त्यानंतर ठरलं.

मी सुमन. वय पासष्टीच्या पुढं. नक्की किती ते आधार कार्डावर आहे, आणि तेही चूक आहे. हिमालयाची हौस खरं तर माझी नव्हे, ती एकोणीस वर्षांच्या सुमनची. ती लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर होता. तिनं पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला सांगितलं, मला हे बघायचंय. नवरा म्हणाला, कांदा निघाला की जाऊ. तिनं ते खरं धरलं आणि चांगली दोन पातळं घडी मोडायची नाहीत म्हणून पेटीत ठेवून दिली. कांदा तेव्हापासून दर वर्षी निघतो आहे. पातळं कसरीनं खाल्ली. त्या पोरीला मी पुष्कळदा विचारते, बाई, नवऱ्याला कांद्याचा भाव विचारायचा सोडून तू डोंगर कशाला विचारलास?

यंदा मात्र बाळूनं मनावर घेतलं. बाळू हा माझ्या धाकट्या जावेचा, इंदूचा मुलगा. ती मंडळी कुरकुंभला राहतात आणि बाळू तिथल्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. त्यानं रजा जमवली, नवी घेतलेली मोठी गाडी काढायचं कबूल केलं, आणि मला शिरूरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याच्या फोटोकडं मेकॅनिक जुन्या ट्रॅक्टरकडं बघतो तसं बघितलं. केदारनाथ नको म्हणाले. थोडीशी चढण असलेलं काही असेल तर बघा. बाळूनं मोबाइलमध्ये शोधून तुंगनाथ काढला. शंकराचं सगळ्यात उंचावरचं देऊळ, पण गाडी बरीच वर जाते आणि पायी चाल थोडी. गावात कुणी ह्या देवाचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यामुळं कुणी आधी जाऊन आलेलं नव्हतं, आणि त्यामुळं सल्लेही कमी मिळाले. देव निवडताना हे लक्षात घ्यावं.

बाळूनं सगळा बेत शिफ्टमध्ये बसवला. फर्स्ट शिफ्टला गाडी चालवायची, सेकंडला मुक्काम, नाइट बंद. रोज निघायच्या आधी तो आम्हाला गाडीपुढं उभं करून आज कुठले धोके आहेत ते सांगणार. कंपनीत ह्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात म्हणे. शिवाय दौंडच्या बाजारातून त्यानं तीन चमकणारी जाकिटं आणली, रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसली पिवळीजर्द. इंदूनं ते जाकीट लुगड्यावर धरून बघितलं आणि म्हणाली, "यात्रंचा बस्ता असला असतोय व्हय?"

ह्यांनी यायला नकार दिला. गाया कोण बघणार, डेअरीला दूध कोण घालणार, मावंद्याची तयारी कोण करणार, हे त्यांनी इतक्या पडलेल्या चेहऱ्यानं विचारलं की त्यांना बरं वाटतंय हे फक्त मला कळलं. आमंत्रणं तोंडी गेली. निमोण्यात घरोघर, कवठे येमाईला माझ्या माहेरच्यांना, कुरकुंभला इंदूच्या घरच्यांना. कुणीही तुम्ही कुठं चाललाय असं विचारलं नाही. बुंदी आहे का लापशी, एवढंच विचारलं. बुंदी ठरली.

नगर, धुळे, इंदूर आणि पुढं

गाडीत बसून राहण्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. नगर गेलं, धुळं गेलं, सेंधव्याचा घाट ओलांडून इंदूर आलं, आणि माझ्या लक्षात आलं की देश मोठा आहे आणि त्यात सगळीकडं पनीर आहे. इंदूरच्या पुढं ज्वारी संपते. ढाब्यावर भाकरी मागितली तर पोळी येते, आणि पोळी मागितली तर तंदूरमधून काहीतरी जाडजूड येतं ते दोन्ही हातांनी फाडावं लागतं. तिसऱ्या जेवणाला इंदूनं पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं आणि सरळ ढाब्याच्या भटारखान्यात गेली. तिथल्या आचाऱ्याला हिंदी येत होती, इंदूला येत नव्हती, पण तिनं हातानं भाकरी थापून दाखवली. तो बघत उभा राहिला. भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाणी फिरवलं तेव्हा त्यानं तव्यावर पाणी का ओतता म्हणून हरकत घेतली. भाकरी फुगली तेव्हा जवळ येऊन वाकून बघायला लागला. आमच्या ठेच्याचा एवढासा घास त्यानं मागून घेतला आणि नंतर बराच वेळ तो दिसला नाही.

बाळूचे टूलबॉक्स टॉक रोज चालू होते. आज ट्रक जास्त आहेत, आज ऊन जास्त आहे, कुणी गाडीतून हात बाहेर काढायचा नाही, चुकामूक झाली तर असेंब्ली पॉइंट म्हणजे गाडीचं मागचं चाक. हरिद्वारला घाटावर खरंच चुकामूक झाली. मी आणि इंदू शहाण्यासारख्या मागच्या चाकापाशी जाऊन उभ्या राहिलो. बाळू आम्हाला घाटावर शोधत होता. त्याला वाटलं नव्हतं आम्ही ऐकत असू.

हरिद्वारची गंगा बघून मी आधी काठावरच बसून घेतलं. आमची घोड नदी मे महिन्यात नुसती वाळू दाखवते, तिला पूल का बांधलाय असा प्रश्न पडावा. इथं भर उन्हाळ्यात पाणी असं धावत होतं जणू त्याला कुठंतरी शिफ्टला पोचायचंय. लोखंडी साखळी धरून आम्ही डुबक्या मारल्या. पाणी इतकं गार की डोक्यातले सगळे विचार एकदम बंद पडले. इंदू वर येऊन म्हणाली, सगळी पापं गेली असतील, एवढ्या गारठ्यात कोण थांबतंय.

तिथून पुढं डोंगर सुरू झाले. माळशेज बघितलेल्या माणसाला घाट म्हणजे काय ते माहीत असतं अशी माझी समजूत होती. तीही एकोणीस वर्षांच्या सुमनचीच समजूत असावी. तिला लग्नानंतर भीमाशंकरला नेलं होतं. नवी कोरी टाचेची चप्पल घालून ती सगळ्यांच्या पुढं चालली, नव्या नवरीला चालता येत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून. कुणाचा हात धरला नाही. एका वळणावर चप्पल एकीकडं गेली, ती दुसरीकडं गेली, आणि चुलत दिराच्या पाठुंगळीला बसून देवळात पोचली. देवळात पोचल्यावर पुजाऱ्याला तिनं सांगितलं, आम्ही चालत आलो. चुलत दीर मागं उभा राहून पाठ चोळत होता.

रुद्रप्रयागच्या पुढं

रुद्रप्रयाग सोडून थोडं गेलो आणि गाड्यांची रांग लागली. रात्रीच्या पावसानं दरड खाली आली होती. रस्त्यावर दगड-माती, एक आडवं झाड आणि त्याच्या अलीकडं सबंध हिंदुस्थान गाड्यांतून उतरून उभा. बाळूनं लगेच जाकिटं घालायला लावली. मला थंडीसाठी ते बरंच वाटलं. पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की लोक आमच्याशी फार आदरानं बोलताहेत. एक राजस्थानी गृहस्थ इंदूसमोर हात जोडून विचारून गेले, मॅडम, रास्ता कब खुलेगा. इंदूनं दरडीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि बोटं दाखवून म्हणाली, "दो घंटा." ते समाधानानं गेले. मग इतरही आले. जो येईल त्याला इंदू दोन घंटे सांगत होती. दुपार उलटली तरी तिनं आकडा बदलला नाही आणि लोकांचा विश्वासही ढळला नाही.

रस्ता त्या दिवशी उघडला नाही. रात्री एका लहानशा लॉजमध्ये राहिलो. दुसऱ्या दिवशीही यंत्र आलं, गेलं, परत आलं. आणि मग आम्ही तिघं गाडीच्या मागच्या चाकापाशी बसून हिशेब करायला लागलो. मावंद्यासाठी घरी वेळेवर पोचायचं असेल तर इथूनच मागं फिरायला पाहिजे होतं. देवाला गेलं तर आपल्याच मावंद्याला आपण नाही. आणि मावंद्याचा दिवस हलणार नव्हता. मांडव पडला होता, बुंदीचं सामान भरलं होतं, कवठ्याहून माझा भाऊ तीन दिवस आधीच येऊन बसला होता.

बाळू म्हणाला, "मोठी आई, तुम्ही ठरवा. मी दोन्हीकडं चालवीन."

मी घरी फोन लावला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बबन आबांना विचारतो. बबन आबा आमच्या आळीतले सगळ्यात वयस्कर. मोजणीच्या बांधापासून बारशाच्या नावापर्यंत निवाडा त्यांचा. थोड्या वेळानं फोन आला. आबांनी निवाडा दिला होता. यात्रेकरू हजर नसला तरी मावंदं होतं, देवाला लांब-जवळ काही नाही. गंगाही आणायची गरज नाही, धनगरवस्तीवरच्या हौसाबाईच्या देव्हाऱ्यात जुन्या यात्रेतला गंगेच्या पाण्याचा गडू तोंडाला डाक लावून ठेवलेला आहे, तो उसना घेऊ. पण एक अट. यात्रेकरूचं दर्शन झाल्याशिवाय पत्रावळीवर काही पडायचं नाही. आधी देव, मग जेवण. नाहीतर ते मावंदं नव्हे, नुसती पार्टी.

"म्हंजी तू देवापाशी पोचलीस की फोन कर," हे म्हणाले. "मग आम्ही वाढतो. दुपारच्याला पंगत बसती, त्याच्या आत पोच."

अशी ती भानगड झाली. सगळ्या गावाचं जेवण माझ्या गुडघ्यावर येऊन बसलं.

चोपता

आणखी दोन दिवसांनी, मावंद्याच्या आदल्या संध्याकाळी, रस्ता उघडला. चोपत्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, काही दिसलं नाही. सकाळी दार उघडलं तर समोर कॅलेंडर. त्याहून वेगळं काही म्हणता येत नाही मला. पांढरे डोंगर रांगेनं उभे, चौखंबा म्हणतात ते सगळ्यात रुंद, आणि अलीकडच्या उतारावर बुरांशाची लाल फुलं. इंदू चूळ भरायला बाहेर आली होती, ती पाणी तोंडात धरून तशीच उभी राहिली.

उजाडलं की लगेच निघायचं ठरलं होतं. पण तेवढ्यात गारा पडायला लागल्या आणि बाळूनं निघू दिलं नाही. पावसात निसरड्यावर चढणं म्हणजे विनापरमिट काम, म्हणाला. गारा थांबेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. खेचरवाले मागं लागले. बाळूनं माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणाले. भीमाशंकरला एकदा दुसऱ्याच्या पाठीवरून देवाला गेले होते, तेवढं बास.

वाट दगडांनी बांधलेली आहे, रुंद आहे, भिण्यासारखं काही नाही. फक्त ती वर जाते आणि जातच राहते. हवा विरळ असते हे बाळूनं टॉकमध्ये सांगितलं होतं, पण विरळ म्हणजे काय ते तिथं कळलं. चार पावलं टाकली की आमच्या जुन्या इंजिनासारखा आवाज माझ्याच छातीतून यायचा. पंजाबातली पोरं आमच्या पुढं पळत गेली. एक बंगाली आजोबा काठी टेकत आमच्या बरोबरीनं निघाले, थोड्या वेळानं तेही पुढं गेले. इंदू माझ्याहून हलकी, पण ती माझ्यासाठी थांबत होती आणि आपण फुलं बघायला थांबलोय असं दाखवत होती.

वाटेत रेंज ठराविक वळणांवरच येते. जिथं आली तिथं फोन वाजला. कुठवर आलीस? निम्म्यावर. पुढच्या वळणावर परत. कुठवर आलीस? निम्म्यावर. मघाशी बी निम्म्यावरच हुतीस की. मग मी म्हणाले, डोंगर मोठा हाय, त्याचं निम्मं बी मोठं हाय.

बराच वर, झाडं संपली त्याच्याही पुढं एक टपरी लागली. दगडाची भिंत, वर निळा कागद, आत चूल. एक बाई एकटीच चालवत होती. टपरीच्या डाव्या बाजूच्या कोपऱ्यात उभं राहिलं की पूर्ण रेंज येते असं तिनं आपण होऊन सांगितलं. मी खाली टेकले. पाय हे माझेच आहेत ह्याची खात्री करून घेतली. चहा सांगितला. फोन वाजला.

"पंगत बसलीय," हे म्हणाले. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. "पत्रावळ्या मांडल्या. पाणी फिरलं. आबा मधोमध बसल्यात. तू कुठाय?"

"चहा पितीय."

"चहा?"

"व्हय."

मग म्हणाले, "किती राहिलंय?"

"दिसतंय देऊळ. पोरांना वाढलं का?"

"पोरांना आबांनी सूट दिली, ती कवाच जेवली. मोठी बसल्यात. सगळी पुरुष मानसं."

"आन् बाया?"

"बाया काय, चुलीपाशी हायत्या. त्यांचं नंतर."

फोन ठेवला. टपरीवाल्या बाईनं चहाबरोबर विचारलं, माताजी, घर में शादी है क्या? मी माझ्या हिंदीत तिला सगळं समजावलं. बाळूनं जिथं अडेल तिथं हातभार लावला. तिला फार हसू आलं. मग मी तिला विचारलं, तुमच्या गावात कुठल्या पंगतीला बायका जेवतात? ती म्हणाली, वही, आखिर में. पर यहाँ ऊपर मैं अकेली हूँ, जब भूख लगे तब खाती हूँ. आणि तिनं चुलीवरच्या पातेल्यातला राजमा-भात एका ताटलीत घेतला, आमच्यासमोर दगडावर बसली आणि खायला लागली. गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाली थांबा. तो थांबला.

मी तिच्याकडं बघत बसले. आणि मला ती एकोणीस वर्षांची परत आठवली. घरात सासऱ्यांच्या काशीयात्रेचं मावंदं होतं. नव्या सुनेनं उठून वाढायचं, कंबरेला पदर खोचून. ती दिवसभर वाढत होती. आधी पुरुष, मग पाहुणे, मग परगावचे पुरुष, मग उशिरा आलेले पुरुष. दिवस कलला तेव्हा बायका बसल्या आणि सगळ्यांच्या शेवटी ती. आमटी खाली गेली होती म्हणून तिच्यात पाणी वाढवलं होतं. बुंदीचा नुसता भुगा उरला होता. आणि त्या खुळीनं माहेरी जाऊन आईला काय सांगितलं असेल? सगळ्यांच्या शेवटी मी जेवले, आई. जणू काही मानाचं पान तेच होतं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

तेव्हापासून मी किती पंगती वाढल्या कोण जाणे. लग्नं, बारशी, जत्रा, सोसायटीच्या निवडणुकीनंतरची जेवणं. ह्या सगळ्यात पुरुष माणसं रिकाम्या पत्रावळीसमोर माझी वाट बघत बसलीयत असं आजवर एकदाही घडलेलं नव्हतं. ते आत्ता घडत होतं. मी टपरीवाल्या बाईला म्हणाले, राजमा-भात आहे का अजून.

इंदूनं माझ्याकडं बघितलं. "आक्का, तिकडं मानसं उपाशी हायती."

"आपण किती येळा बसलो तशा?"

तिनं खरंच आठवून बघितलं. दुरून दिसणाऱ्या डोंगराकडं बघत ओठ हलवत होती. मग जाकिटाची पट्टी सोडून ऐसपैस बसली आणि म्हणाली, "मला बी सांगा येक."

राजमा-भात आम्ही सावकाश खाल्ला. मीठ बरोबर होतं. फोन दोनदा वाजला, बाळूनं उचलून आईचं आणि मोठ्या आईचं जेवण चाललंय असं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानंतर फोन आला नाही.

शेवटचा चढ वाईट होता. जेवून चढू नये हे मला तेव्हा कळलं. सावलीत बर्फाचा एक थर राहिला होता, त्यावरून वाट गेलेली. बाळूनं पुढून हात धरला, इंदूनं मागून. मी दोन्ही धरले. कुणी बघतंय का ते बघितलं नाही. मध्ये एकदा डोळ्यांपुढं काळं आलं आणि मी बसून घेतलं. तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली, की मी पोचले नाही तर खाली ती सगळी माणसं तशीच बसतील, आणि मी सांगायचं ठरवलेलं सांगता येणार नाही. इंदूनं पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, येकेक पाऊल मोजू नका, नुसती उचला. मी उचलली.

देऊळ लहान आहे. दगडी, काळसर, फार जुनं, वाऱ्याला पाठ देऊन बसलेलं. आत दिवा होता. पुजाऱ्यानं कपाळाला गंध लावलं. मी काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही, फार साधं होतं. नमस्कार करून बाहेर आले, पायरीवर बसले आणि बाळूला म्हणाले, फोन लाव. रेंज नव्हती. बाळू हात वर करून सगळ्या अंगणातून फिरला. एका कोपऱ्यात, लहान देवळीपाशी, दोन काड्या आल्या. मी तिथं जाऊन उभी राहिले.

"झालं दर्शन," मी म्हणाले.

हे फोनवरच मागं वळून म्हणाले, "झालं बरं का! वाढा रं!"

"थांबा. आवाज मोठा करा, आबांना ऐकू जाऊ द्या."

त्यांनी केला असावा. गलका थांबला.

"पहिली पंगत बायांची."

हे म्हणाले, "आगं, पंगत बसलीय की."

"उठवा."

"आन् वाढणार कोण?"

"बसल्यात तीच."

बबन आबांचा आवाज आला, लांबून, काय म्हणती ती. ह्यांनी सांगितलं. मी म्हणाले, "आबा, यात्रा आमी दोघी बायांनी केली. आमच्या दर्शनाबिगर पान वाढायचं न्हाई ह्यो निवाडा तुमचा. मी तुंगनाथाच्या दारात हुबी राहून बोलतीय. आता हितनं माझा शबुद खाली पाडायचा का वर ठिवायचा, ते बी तुमीच सांगा."

वारा फार होता. आबा काहीतरी बोलले. इंदू माझ्या कानाला कान लावून उभी होती, तिलाही कळलं नाही. मग रेंज गेली. बाळू परत अंगणभर हिंडला, पण काड्या आल्या नाहीत.

"काय झालं असंल?" इंदू म्हणाली.

बाळू बुटाची नाडी बांधत होता. म्हणाला, "मला काय ऐकू आलं न्हाई. मी रेंज बघत हुतो."

परत निमोणे

खाली उतरल्यावर त्या दिवशी मी फोन केला नाही. ह्यांनीही केला नाही. परतीच्या सबंध वाटेत आम्ही दोघं फोनवर फक्त गायांबद्दल बोललो. घरी आलो तेव्हा मांडव निघालेला होता. ह्यांच्या उजव्या हाताला भाजल्याची पट्टी होती. मी पट्टीकडं बघितलं. ते म्हणाले, आमटी गरम होती. आणि गोठ्याकडं निघून गेले.

बाकीचं तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. पुरुष मंडळी म्हणतात, त्यात काय एवढं, बायांनाही बसवलं होतं एकदा. बायकांकडची हकीकत जरा लांब आहे. आबा उठले म्हणून सगळे उठले. सोसायटीच्या चेअरमननं भाताचं घमेलं धरलं. माझ्या भावानं बुंदी पहिल्या ओळीला इतकी वाढली की दुसऱ्या ओळीला कमी पडायला लागली, मग पहिल्या ओळीकडून परत मागितली, तर कुणी दिली नाही. कुणाला आग्रह कसा करायचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून बायकांनी आपणच हाका मारून मागितलं, आणि एकदा सवय लागल्यावर आवाज चांगले मोठे झाले. बबन आबांनी वाकून प्रत्येकीच्या पानात मीठ वाढलं. ते वाढताना कुणाच्याही तोंडाकडं बघत नव्हते असं म्हणतात. पुरुष दुसऱ्या पंगतीला जेवले तेव्हा आमटीत पाणी वाढवायला लागलं.

एक दिवस मी दळण घेऊन गिरणीत गेले. तिथं हौसाबाई होत्या, आणि आमच्या आळीतल्या आणखी दोघी-तिघी. गिरणीच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळं सगळ्या गप्प. मग चक्की थांबली. हौसाबाईंनी विचारलं, "काकी, आता परत कवा जाताय देवाला?"

मी म्हणाले, गुडघा अजून दुखतोय. हितंच एखाद्या जवळच्या देवाला जाऊन येईन म्हणते.

"जवळचा नको," पाठीमागून एक सून म्हणाली. गावात नुकतीच नांदायला आलेली, वीसेकची असेल. तिनं एरवी कधी माझ्याशी तोंड उघडलं नव्हतं. "जवळच्या देवाचं मावंदं न्हाई करीत."

मी दळणाचा डबा खाली ठेवला आणि तिला विचारलं, "किती लांबचा बघू?"